एक्स-रेवर नस एकच दिसली, म्हणजे एकच आहे का? अक्कलदाढ काढण्याआधी हे वाचा

अक्कलदाढ काढायची म्हटलं की आपण दोनच प्रश्न विचारतो. दुखेल का आणि खर्च किती? मागच्या महिन्यात मीही तेच विचारले. डॉक्टरांनी माझा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, स्क्रीनवर उघडला आणि दाढेखालच्या दोन समांतर पांढऱ्या रेघा दाखवल्या. "यांच्यामधून नस जाते. तुमच्या दाढेची मुळं तिच्या जवळ आहेत." मी विचारलं, "किती जवळ?" त्या म्हणाल्या, "यावरून नाही सांगता येणार."

उत्तर प्रामाणिक होतं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या तासाला हेच शिकवलं होतं. एकाच बाजूने काढलेल्या चित्रावरून वस्तूची खोली कळत नाही. ओपीजी हे तसंच सपाट चित्र आहे.

ही नस करते काय?

खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक नलिका असते. तिच्यातून जाणारा मज्जातंतू खालच्या दातांना संवेदना देतो. पुढे उपदाढांजवळच्या छिद्रातून त्याची एक शाखा बाहेर येते आणि खालचा ओठ व हनुवटीपर्यंत जाते. त्याला इजा झाली तर ओठ हलतो, पण त्याला काही जाणवत नाही. चहा ओघळला तरी कळत नाही. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परत येते, काही मोजक्यांची येत नाही.

मग गडबड कुठे आहे?

पुस्तकातल्या आकृतीत नलिका एकच असते. प्रत्यक्षात ती काहींमध्ये दुभंगलेली असते, क्वचित तिला तीन फाटे असतात. कधी एक फाटा अक्कलदाढेच्या मागे वर जातो. कधी नस बाहेर पडण्याआधी पुढे जाऊन वळसा घेऊन मागे येते. ओपीजीवरच्या बहुतेक अभ्यासांत दुभंगलेली नलिका एक टक्क्याहून कमी लोकांत सापडली. सीबीसीटी या त्रिमितीय स्कॅनवरच्या काही अभ्यासांत हेच प्रमाण १५ टक्के, तर एका जपानी अभ्यासात ६५ टक्के निघालं. अभ्यासागणिक आकडा बदलतो, पण ओपीजीवर बरंच काही निसटतं हे नक्की. उलटही होतं. हाडाच्या आतल्या बाजूची एखादी कड ओपीजीवर दुसऱ्या नलिकेसारखी भासते.

म्हणूनच इंजेक्शन देऊनही दाढ नीट बधीर होत नसेल, तर 'पेशंट घाबरट आहे' हा निष्कर्ष घाईचा ठरतो. कारणं अनेक असतात. वेगळ्या वाटेने येणारा फाटा हे त्यांपैकी एक.

मग सगळ्यांनीच सीबीसीटी करायचा?

नाही. त्यात ओपीजीपेक्षा सहसा जास्त किरणोत्सर्ग असतो आणि खर्चही जास्त. सरसकट सीबीसीटी केल्याने नसेच्या इजा कमी होतात, असंही आतापर्यंतच्या अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. पण ओपीजीवर धोक्याच्या खुणा दिसल्या, तर पुढचा विचार करायला हवा. १९९० च्या एका गाजलेल्या ब्रिटिश अभ्यासाने तीन खुणा महत्त्वाच्या ठरवल्या: मुळावर काळसर पट्टा, नलिकेची पांढरी रेघ तुटणं आणि नलिकेचं अचानक वळण. खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवताना तर नसेपासून साधारण २ मिलिमीटर अंतर राखायचं असतं. तिथे अंदाज चालत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्कॅन करायचा की नाही हे डॉक्टरांनी ठरवावं, पण का ते रुग्णाला कळावं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात सांगितलं आहे की उपचाराचं स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी. खुर्चीत बसल्यावर घाईघाईत घेतलेली सही ही तशी संमती नाही.

त्यामुळे सही करण्याआधी हे तीन प्रश्न विचारा:

१. माझ्या एक्स-रेवर मूळ आणि नस एकमेकांवर दिसतात का? धोक्याची खूण आहे का?

२. सीबीसीटी केला तर उपचाराचा निर्णय बदलेल का?

३. धोका जास्त असेल तर पर्याय काय? दाढ तशीच ठेवणं किंवा फक्त वरचा भाग काढून मुळं राहू देणं शक्य आहे का?

रस्ता खोदण्याआधी खाली केबल कुठे आहे हे विचारलं नाही, तर काय होतं ते आपण रोज पाहतो. तुटलेली केबल निदान जोडता तरी येते.