मेक्सिकन सिगारची हौस, सुट्या बिडीचा धोका
मेक्सिकोत फिरायला गेलेल्यांना वेराक्रूझ राज्यातल्या सान आंद्रेस तुस्तलाच्या सिगारचा शोध लागतो. तिथलं काळपट पान जगभरच्या सिगारांवर गुंडाळलं जातं. परतताना 25 सिगार शुल्काविना आणता येतात, मग फोटोही पडतात. वारंगा फाट्यावर खिचडीसाठी थांबणाऱ्याला मात्र टपरीवर बिडी दिसते. सिगारला वेष्टन तंबाखूच्याच पानाचं, बिडीला तेंदूचं. कर्करोग दोन्हींमुळे होतो. 2016 पासून पाकिटाच्या 85 टक्के भागावर सचित्र इशारा सक्तीचा आहे. सुटी बिडी घेणाऱ्याला तो दिसणार कसा? म्हणूनच राज्याने सप्टेंबर 2020 मध्ये सिगारेट-बिडीच्या सुट्या विक्रीवर बंदी घातली. निर्णय योग्यच होता. आता महामार्गावर एक बिडी मागितल्यावर ‘नाही’ म्हणणारी टपरी कुणी शोधून दाखवावी.