खेळावर विश्वास ठेवा की!

तुम्ही म्हणाल, सत्तरी उलटलेल्या बाईला हे कसलं खूळ? पण खरंच, गेला महिनाभर मी व्हिडिओ गेमच्या स्पर्धांवरचे माहितीपट बघते आहे. खूळ माझं नाही, नातवाचं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपलं आणि त्याने जाहीर केलं, एक वर्ष कॉलेज बाजूला ठेवून गेमच्या स्पर्धांची तयारी करणार. घरात जे व्हायचं ते झालं. मग बाबाला पटावं म्हणून एका रविवारी त्याने 'फ्री टू प्ले' हा माहितीपट लावला. आम्ही सगळ्यांनी बसून पाहिला आणि बिचाऱ्याची बाजू तिथेच बुडाली!

हा माहितीपट २०१४ सालचा. 'डोटा २' नावाचा गेम आहे, पाच जण विरुद्ध पाच जण. त्याची पहिली मोठी स्पर्धा ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीत कोलोन इथे झाली. १६ संघ, पहिलं बक्षीस दहा लाख डॉलर. त्यातल्या तीन मुलांची ही गोष्ट. युक्रेनचा डेंडी, ज्याचे वडील कॅन्सरने गेले. अमेरिकेचा फिअर. सिंगापूरचा हायहाय, ज्याच्या डोक्यावर अभ्यासाचं आणि घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं. मुलं गुणी आहेत, डोळ्यांत पाणी येतं. पण त्या दहा लाख डॉलरचं तुणतुणं काही थांबत नाही. जणू ही मुलं आदराला पात्र आहेत ती बक्षीस मोठं आहे म्हणून!

माझा मुलगा बँकेतला. त्याने तिथल्या तिथे हिशोब मांडला. "सोळा पंचे ऐंशी. त्यातल्या पाचांना पहिलं बक्षीस. बाकीचे पंचाहत्तर काय खातात?" नातवाकडे उत्तर नव्हतं. माहितीपटाकडेही नव्हतं. कसं असेल? हा माहितीपट काढला 'व्हॉल्व्ह' कंपनीने, आणि गेमही तिचाच. लाडूवाल्याने लाडवाचं परीक्षण लिहावं, तसं झालं हे. आणि सव्वा तास बघूनसुद्धा तो खेळ नेमका कसा खेळतात हे मला काडीचंही कळलं नाही. पडद्यावर ठिणग्या उडत होत्या, लोक ओरडत होते, बस्स.

माझा मूळ आक्षेप हाच आहे. हे माहितीपट काढणाऱ्यांचा स्वतःच्या खेळावरच विश्वास नसतो. "नुसता खेळ कोण बघणार?" अशी त्यांना धास्ती. मग कोणी पैशाची कुबडी देतो, कोणी खलनायकाची.

खलनायकाचं उदाहरण म्हणजे २००७ चा 'द किंग ऑफ काँग'. या प्रकारातला सगळ्यात नावाजलेला. 'डाँकी काँग' या जुन्या गेममध्ये गोरिला वरून पिंपं फेकतो आणि आपला माणूस उड्या मारत वर चढतो. नोकरी गेलेला स्टीव्ह वीबी नावाचा साधा माणूस घराच्या गॅरेजमध्ये हा गेम खेळून विक्रम करतो. पुढे तो शाळेत विज्ञानाचा मास्तर होतो, म्हणजे आमच्याच जातकुळीतला! त्याच्या समोर जुना विक्रमवीर बिली मिचेल, लांब केस, तोऱ्यात बोलणारा. वीबीच्या विक्रमावर संशय घेतला जातो, त्याच्या घरी जाऊन यंत्र तपासलं जातं. मिचेलची टेप मात्र आली की मान्य. मी इतकी चिडले की नातवाला म्हटलं, "या मिचेलला वर्गाबाहेर उभा केला पाहिजे."

नातू हसला. म्हणाला, "आजी, मिचेलचा १९८२ चा विक्रम २००० साली तिसऱ्याच माणसाने मोडला होता. चित्रपटात त्याचा पत्ताच नाही." का नाही? दोघांच्या भांडणात तिसरा आला की गोष्ट बिघडते, म्हणून! मग मी पुढचं शोधलं. २०१८ मध्ये मिचेलचे विक्रम रद्द झाले, टेप मूळ यंत्रावरची नाही अशा आरोपावरून. २०२० मध्ये गिनेसने ते पुन्हा मान्य केले. विक्रम नोंदवणाऱ्या 'ट्विन गॅलक्सीज'शी त्याची कोर्टकचेरी झाली, २०२४ च्या जानेवारीत तडजोड झाली आणि त्याचे जुने आकडे ऐतिहासिक नोंदींत परत आले. आता सांगा, खलनायक कोण? मला ठरवता येत नाही. पण चित्रपटाने माझ्याकडून दीड तासात ठरवून घेतलं होतं.

हे मला लागलं, त्याला कारण आहे. पस्तीसेक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात लांबच्या वाडीवरून चालत येणारा एक मुलगा होता. त्याने एकदा असा निबंध लिहिला की मला तो त्याचा वाटेचना. मी त्याला सगळ्या वर्गासमोर बसवून दुसरा विषय दिला. त्याने मान खाली घालून लिहिला, पहिल्याइतकाच सुंदर. मी गुण दिले. "चुकलं माझं" म्हणाले नाही. त्या क्षणी त्या वर्गाने एका मुलाला चोर ठरवलं होतं, आणि ठरवायला लावणारी मी होते. अर्ध्या पुराव्यावर माणूस काळा रंगवणं किती सोपं असतं, हे मला कुठल्या चित्रपटाने शिकवायला नको होतं. तरी मी पुन्हा फसले.

आणि गंमत बघा. त्याच गेममध्ये २२व्या पातळीवर आपला माणूस काही सेकंदांत मरतो, कितीही चांगलं खेळा. चित्रपट हे वरवर सांगून पुढे जातो. नातवाने कागदावर मांडून दाखवलं. वेळ ठरवताना यंत्र पातळीत ४ मिळवतं आणि १० ने गुणतं. बावीस अधिक चार सव्वीस, गुणिले दहा २६०. पण त्या जागेत २५५ च्या वर आकडा मावतच नाही. २५६ झाले की पुन्हा शून्यापासून, म्हणून उरतात फक्त ४! मी आयुष्यभर मराठी शिकवलं, गणिताशी माझा छत्तीसचा आकडा. पण ऐकताना अंगावर काटा आला. हे असताना खलनायक कशाला हवा हो?

असं करून दाखवणारे आहेत. २०११ चा 'एक्स्टसी ऑफ ऑर्डर' टेट्रिसवर आहे, त्या वरून पडणाऱ्या विटांच्या खेळावर. २०१० मध्ये लॉस एंजेलिसला जुने खेळाडू जमतात, एकमेकांचं कौतुक करतात आणि खेळतात. जोनास न्यूबॉअर जिंकतो, हॅरी हाँग हरतो, आणि हरलेला हाँग कुठेही लहान होत नाही. विटा कशा रचायच्या, लांब वीट यायची वाट का बघायची, सगळं कळतं. माझ्या मते या तिघांत हाच खरा यशस्वी, नाव कमी झालं तरी.

असो. घरचं सांगायचं तर कॉलेज सोडायचं नाही असं ठरलं, आणि नातू अजून घुम्यासारखा वावरतो. पण काल रात्री त्याचा बाबा त्याच्या खुर्चीमागे उभा राहून विचारत होता, "हा लाल रंगाचा कोण? आणि तू मागे का पळालास?" बक्षिसाबद्दल एक अक्षर नाही. नातू आधी तुटक बोलला, मग समजावत गेला. तासभर चाललं होतं.

माहितीपट काढणाऱ्यांनी एवढंच करावं. आम्हाला शेजारी बसवून खेळ समजावून सांगावा. आम्ही बघू.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर प्रतिक्रियेत जरूर लिहा. आणि माझं काही चुकलं असेल तर नातवाच्या वयाच्या वाचकांनी आजीला सांभाळून घ्यावं.