व्हीएफडी घेण्याआधी मोटारीची पाटी वाचा



मागच्या आठवड्यात दोन तरुण पोरं माझं बटन मशरूमचं युनिट बघायला आली. पहिलाच प्रश्न, "काका, एएचयूच्या ब्लोअरला व्हीएफडी कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी म्हटलं, कंपनी राहू दे, मोटारीच्या पाटीवर अँपिअर किती लिहिलेत ते सांगा. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. म्हणून हे लिहितोय. मी दहावी पास माणूस, इंजिनिअर नाही. पण एक व्हीएफडी जाळून शिकलोय.

आधी फायदा सांगतो, कारण तो खरा आहे. मशरूमला सगळे दिवस सारखी हवा लागत नाही. स्पॉन रनला २४-२५ डिग्री आणि ताजी हवा जवळजवळ नकोच. कोंब धरताना आणि काढणीला १६-१८ डिग्री, आणि तेव्हा कार्बन डायऑक्साईड बाहेर काढायला हवा भरपूर लागते. पूर्वी आम्ही मोटार फुल ठेवून डँपर दाबायचो. म्हणजे पाय ॲक्सिलरेटरवर आणि हात ब्रेकवर. व्हीएफडी मोटारीचा वेगच कमी करतो. पंख्याचं गणित असं, की वेग ५० वरून ४० हर्ट्झवर आणला तर हवा २० टक्के कमी होते, पण वीज निम्म्यावर येते. ५ एचपीच्या ब्लोअरला हिशेबाने दिवसाला चाळीसेक युनिट वाचतात. फिल्टर तुंबलेला, डक्ट अरुंद, तर प्रत्यक्षात थोडं कमी.

पण माझं स्पष्ट मत आहे: प्रत्येक मोटारीला व्हीएफडी लावा असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हवा कायम एकसारखीच लागते आणि ब्लोअर बेल्टवर आहे, तर पुली बदला. थोडक्यात काम होतं. जिथे ब्लोअर रात्रंदिवस फुल लागतो, तिथे व्हीएफडीने वीज वाचणार नाही, उलट त्याच्या स्वतःच्या गरम होण्यात थोडी जाईल. आणि कूलिंगच्या कॉम्प्रेसरला बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय लावूच नका. वेग कमी झाला की आत ऑइल नीट फिरत नाही.

घ्यायचाच ठरला तर एचपीवर घेऊ नका, अँपिअरवर घ्या. ५ एचपीची मोटार ४१५ व्होल्टला साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते, जुनी किंवा रिवाइंड केलेली जास्तही घेते. व्हीएफडीचा आकडा त्याच्यापेक्षा कमी नको. बऱ्याच व्हीएफडीवर दोन आकडे असतात, एक पंखा-पंपाचा, एक जड कामाचा. ब्लोअरला पंख्याचा चालतो. पण पत्र्याखाली ४० डिग्रीच्या वर तापत असेल तर एक साइज मोठा घ्या.

आता माझी चूक. तापमान बघता बघता बटण हाताशी असावं म्हणून मी व्हीएफडी ग्रोइंग रूमच्या भिंतीवर ठोकला. आत आर्द्रता ८५-९० टक्के, रोज फवारणी. चार महिन्यांत धूर. वॉरंटीवाल्याने झाकण उघडून पाणी दाखवलं आणि हात वर केले. त्याची चूक नव्हती, माझीच होती. आता व्हीएफडी बाहेरच्या कोरड्या खोलीत, पॅनेलमध्ये, वर-खाली हवेला जागा सोडून लावलाय. आत फक्त वेग कमी-जास्त करायचं बटण आहे.

बसवताना आपल्या शेतकऱ्यांची एक सवय घात करते. पंपाच्या स्टार्टरला कपॅसिटर जोडलेला असतो, तसाच इथेही राहतो. व्हीएफडी आणि मोटारीच्या मध्ये कपॅसिटर नको म्हणजे नको, आतला भाग उडतो. स्टार-डेल्टा स्टार्टरही मधून काढा. पाटीवर ४१५ व्होल्ट डेल्टा असेल तर सहा टोकं मोटारीच्या डब्यातच डेल्टा करून घ्या आणि तीन वायर बाहेर आणा. सप्लायची वायर चुकून आउटपुटला लागली तरी खेळ खल्लास. अर्थिंग वेगळं आणि पक्कं हवं. काम करताना लाइट बंद केली तरी दहा मिनिटं थांबा, आत करंट साठलेला असतो.

सेटिंगमध्ये पाटीवरचे अँपिअर भरा. वेग चढायला २०-३० सेकंद द्या. वरची मर्यादा ५० हर्ट्झच ठेवा. ६० केलं तर लोड पावणेदोन पट होतो. खाली २०-२५ च्या खाली जाऊ नका. मोटारीचा स्वतःचा पंखाही हळू होतो आणि ती तापते. हवा फार कमी केली तर गॅसवाल्या कॉइलवर बर्फ धरतो तो वेगळाच. शेवटी ब्लोअर कुठल्या बाजूला फिरतो ते डोळ्यांनी बघा. उलटा फिरला तरी थोडी हवा येते, आणि आपण महिनाभर थंडी का होत नाही म्हणून डोकं खाजवत बसतो.

त्या पोरांना मी परत पाठवलं, पाटीचा फोटो काढून आणा म्हटलं. तुम्हीही दुकानात जाण्याआधी तेवढं करा. पाटी वाचायला पैसे लागत नाहीत, व्हीएफडी जळाला की लागतात.