आजीच्या बटव्यात लिंबू नव्हतंच

बहिणीच्या साखरपुड्याचे फोटो काल परत बघत होतो. प्रत्येक फोटोत तिच्या ब्लाऊजच्या बाह्या थेट मनगटापर्यंत. बघणाऱ्याला वाटतं, फॅशन असेल. फॅशन वगैरे काही नाही हो, ती माझी कृपा. आणि तिचं मूळ अर्ध्या लिंबात आहे.

तर झालं असं. गेल्या एप्रिलमध्ये आम्ही भावंडं तीन दिवस मालवणला गेलो होतो. वर्षभर एसीत मॉनिटरसमोर बसणारी माणसं समुद्र दिसल्यावर जे करतात तेच आम्ही केलं. भर दुपारी होडीतून सिंधुदुर्ग किल्ला, तटावरून चक्कर, मग तारकर्लीच्या वाळूत अंधार पडेपर्यंत. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकूंनी निघतानाच हटकलं होतं, "दुपारच्या उन्हात खंय चल्लास?" आम्ही हसून सोडून दिलं. वारा इतका मस्त होता की ऊन जाणवतच नव्हतं. आणि उन्हाने भाजायला आपण काय गोरे साहेब आहोत?

रात्री आठला उत्तर मिळालं. शर्टाची कॉलर मानेला लागली तरी चटका. बहिणीचे हात तर तव्यासारखे तापलेले. काकूंनी एक शब्दही न सुनावता माठातल्या पाण्यात सुती फडकी भिजवली न् हातांवर, मानेवर ठेवली. गरम झाली की परत भिजवायची. वर दोन-दोन ग्लास कोकम सरबत. तासाभरात जीवात जीव आला.

प्रकरण इथेच संपायचं. पण आमच्यात एक इंजिनिअर होता ना! सकाळी बहीण काळवंडलेले हात बघून रडकुंडीला आली, तेव्हा मी फोनवर दोन मिनिटं शोधून जाहीर केलं, "टॅन घालवायला लिंबू. घरगुती उपाय आहे, नॅचरल आहे, तोटा काहीच नाही." कागदी लिंबू कापलं, तिच्या दोन्ही हातांवर चोळलं, आणि अकराच्या होडीने पुन्हा समुद्रावर गेलो.

पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी तिच्या हातांवर फोड. तेही कसे, तर रस जिथून ओघळला होता तिथून कोपरापर्यंत रेघोट्या. त्वचेच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लिंबू लावलं होतं का?" मी छताकडे बघायला लागलो.

लिंबाच्या रसात, त्याहून जास्त सालीत, फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले अतिनील किरण पडले की तिथली त्वचा होरपळते. परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे संशय लिंबावर जातच नाही. फोड बरे होतात, पण मागे काळपट डाग उरतात ते महिनोन् महिने. बहिणीचे जायला चार महिने लागले. साखरपुडा तीन आठवड्यांवर होता.

ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी सगळे घरगुती उपाय एकेक करून तपासले, कोड रिव्ह्यू करावा तसे. प्रत्येकाला एकच प्रश्न: तू नेमकं काय करतोस? बहुतेकांचं खरं उत्तर एकच निघालं, गारवा आणि ओलावा. ओल्या फडक्याने तेच होतं. चंदनाचा लेप ओला असेतोवर तेच करतो. काकडीत पाणीच पाणी. कोरफडीचा गर गार तर असतोच, आणि त्वचेला मऊही ठेवतो. आजी कोरफडीचं पान कापलं की आधी उभं ठेवायची, पिवळा चीक निथळून जाईपर्यंत. तो चीक त्वचेला झोंबतो. ही पायरी नेटवरच्या रेसिपीत बऱ्याचदा गाळलेली असते. पन्हं, ताक, कोकम हे प्यायला उत्तम, कारण उन्हात शरीरातलं पाणी गेलेलं असतं.

उलट काही गोष्टी सरळ बाद. टूथपेस्ट गार लागते, पण भाजलेल्या त्वचेला चुरचुरते. बर्फ थेट घासला तर आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा. मुलतानी माती वाळताना आहे तो ओलावाही ओढून घेते. खोबरेल तेल वाईट नाही, पण पहिल्या तासांत नको, आग शमल्यावर लावा. फोड आले असतील तर ते फोडायचे नाहीत आणि त्यांच्यावर दही, बेसन असलं स्वयंपाकघर मांडायचं नाही. ताप, थंडी, उलट्या किंवा अंगभर फोड असतील तर उपाय एकच, डॉक्टर.

आणखी एक गंमत. उन्हाने आलेली लाली काही तासांनी दिसायला लागते, साधारण १२ ते २४ तासांत सगळ्यात जास्त होते, आणि साधं भाजणं असेल तर चार-पाच दिवसांत आपसूक उतरते. म्हणजे दुसऱ्या दिवशी काहीही लावा, शेणाचा लेप लावा, तिसऱ्या दिवशी बरं वाटणारच! श्रेय लेपाला. सर्व्हर आपोआप वर आला तरी शेवटचं बटण ज्याने दाबलं तो हिरो होतो, तसंच हे.

आणि यातला कुठलाच उपाय झालेलं नुकसान भरून काढत नाही. अतिनील किरण त्वचेच्या पेशींतला डीएनए बिघडवतात. त्याची दुरुस्ती शरीर जमेल तेवढी स्वतः करतं, कोरफड नव्हे. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, म्हणून संरक्षण जास्त, पण पूर्ण नाही. आपल्याला लाली चटकन दिसत नाही, म्हणून आपण भाजतच नाही असं वाटतं. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे यूव्ही इंडेक्स ११ च्या पुढे जातो, आणि ११ पासून पुढचं सगळं 'एक्स्ट्रीम'मध्ये मोडतं. अतिनील किरण जाणवत नाहीत. जाणवते ती उष्णता, आणि ती समुद्रावरचा वारा पळवून नेतो.

हे सगळं आईला ऐकवलं तर ती म्हणाली, "आजी लिंबू कधी लावायची रे? ती लिंबाचं सरबत करायची." खरंच की. आजीने हातावर लिंबू चोळलेलं मला एकदाही आठवत नाही. आठवते ती अकराच्या आत शेतातून परत येणारी आजी. डोक्यावर पदर, त्यावर टॉवेल, आणि नऊवारीवर आजोबांचा जुना फुल शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. लहानपणी आम्ही त्या शर्टाला हसायचो. तिचा उन्हावरचा खरा घरगुती उपाय तोच होता. कोरफड उरलंसुरलं निस्तरायला.

माझा राग घरगुती उपायांवर नाहीच. काकूंच्या फडक्याने खरोखर आराम पडला होता. राग आपल्यावर आहे. आजीचा शर्ट आपण गावंढळ म्हणून टाकून दिला, सनस्क्रीन म्हणजे गोरं व्हायचं क्रीम समजून तेही लावलं नाही, आणि कुणीतरी कुठेतरी टाकलेल्या टिपेला 'आजीचा बटवा' म्हणून डोळे झाकून मान दिला. ऑफिसात एक ओळ बदलायची तर दोघांची मंजुरी घेतो आपण. बहिणीच्या हातावर काही चोळताना मात्र 'नॅचरल आहे' एवढं पुरलं मला.

पुढच्या महिन्यात परत मालवणला जायचं ठरतंय. यावेळी सॅकमध्ये सनस्क्रीन आहे, टोप्या आहेत, आणि माझे दोन जुने फुल शर्ट आहेत, एक तिच्यासाठी. लिंबं काकूंकडे मिळतील. सरबतापुरती :-)