विषय एक, आशय दोन : शालेय लेखनातील तुलनेचा प्रश्न

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अध्यापकाला एक अनुभव वारंवार येतो. दोन साहित्यकृतींची तुलना करा, असे म्हटले की विद्यार्थी पहिल्या कृतीवर चार पाने लिहितो, दुसरीवर चार पाने लिहितो आणि ‘अशा प्रकारे दोन्ही कृती आपापल्या परीने श्रेष्ठ आहेत’ या वाक्याने त्यांची गाठ मारतो. तुलना घडतच नाही. दोन टिपणे शेजारी ठेवली जातात. विद्यापीठीय चर्चेत याचा दोष अभ्यासक्रमाला किंवा विद्यार्थ्याच्या वाचनदारिद्र्याला दिला जातो. वस्तुतः या उणिवेचे मूळ बरेच मागे, सहावी ते आठवीच्या वर्गांत शोधावे लागते.

शाळेतील निबंधाचे प्रकार रूढ आहेत : वर्णनात्मक, वैचारिक, कल्पनाप्रधान, आत्मवृत्तात्मक. यांपैकी एकाही प्रकारात विद्यार्थ्याला साहित्यकृती समोर ठेवून लिहावे लागत नाही. स्वाध्याय असतो तो बहुधा त्या त्या पाठापुरता, आणि रसग्रहणातही समोर एकच कविता असते. परिणामी दोन पाठ एकमेकांशी बोलू शकतात, याची जाणीवच विद्यार्थ्याला होत नाही. क्वचित तुलना विचारली गेली, तर ‘साम्य’ आणि ‘भेद’ असे दोन रकाने आखून ते मार्गदर्शिकेतील मुद्द्यांनी भरले जातात.

येथे पहिली गफलत होते ती विषय आणि आशयसूत्र यांच्यात. ‘आई’ हा विषय आहे. आईविषयी ती कृती काय सुचवते, हे आशयसूत्र. विषय एका शब्दात सांगता येतो, आशयसूत्राला मात्र पूर्ण वाक्य लागते. हा साधा नियम बारा वर्षांच्या मुलाला सहज कळतो; तो त्याला सांगितला मात्र जात नाही.

कवी यशवंतांची ‘आई’ ही कविता आणि साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मधील श्यामच्या पोहण्याचा प्रसंग एकत्र ठेवून पाहावे. कवितेत पिलांना चारा भरवणारी चिमणी आणि वासरांना चाटणाऱ्या गाई दिसतात, आणि त्या पाहून आई नसलेल्या जिवाचे दुःख वाढते. गुरुजींच्या प्रसंगात पोहायला भिऊन लपून बसलेल्या मुलाला आई मारून विहिरीकडे पाठवते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, असे तिला वाटते. दोन्ही कृतींतून ‘आई थोर असते’ एवढेच निष्पन्न होते, असे विद्यार्थ्याने लिहिले, तर त्याने विषयाविषयीचा सर्वमान्य आदर नोंदवला. कृती वाचल्या नाहीत.

थोडा विचार करणारा विद्यार्थी पुढे म्हणेल, ‘कवितेत आई नाही, पुस्तकात आई आहे.’ हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अध्यापकाने येथे एकच प्रश्न विचारावा : ‘श्यामची आई’ची कथा कोण, केव्हा सांगतो? नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिल्या गेलेल्या या पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो. आई तेव्हा हयात नाही. म्हणजे अनुपस्थिती दोन्हीकडे आहे. एकीकडे ती केवळ उणीव होऊन राहते, दुसरीकडे स्मरणातून तिचे आचरणाच्या शिकवणीत रूपांतर होते. भेद म्हणून जे वाटले ते साम्य ठरले, आणि त्या साम्याच्या पोटातून अधिक खोल भेद हाती आला. तुलनेचे प्रयोजन हेच होय. एकटी कविता वाचून किंवा एकटा प्रसंग वाचून हा अर्थ सहजी हाती लागत नाही.

याच वर्गात एखादी मुलगी ‘आईने मारायला नको होते’ असेही लिहील. तिचे वाक्य खोडून टाकण्याचा मोह अध्यापकाने आवरला पाहिजे. आपल्या मताला त्या प्रसंगातील कोणता तपशील आधार देतो आणि कोणता छेद देतो, हे तिने दाखवावे, एवढीच अपेक्षा रास्त आहे. शाळेत मत आणि आधार यांचे नाते जडले नाही, तर पुढे समीक्षेच्या नावाखाली गौरव किंवा निंदा एवढेच उरते.

साठ मुलांच्या वर्गात हे कसे साधावे, असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो खोटा नाही. परंतु येथे दीर्घ निबंधाची गरजच नाही. एका सत्रात कृतींची एक जोडी, प्रत्येक कृतीच्या आशयसूत्राचे एक वाक्य, दोन्हींतून एकेक तपशील आणि त्यांना जोडणारा एक परिच्छेद पुरेसा आहे. मात्र त्या परिच्छेदातील प्रत्येक मुद्द्यात दोन्ही कृतींचा उल्लेख हवा, हे पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. या वयाची मुले पुस्तक आणि त्यावरून निघालेला चित्रपट यांची तुलना आपण होऊन करतात. ती कुवत त्यांच्यात आहेच, तिला लेखनाची शिस्त तेवढी लावावयाची आहे.

ही जबाबदारी केवळ शाळेवर ढकलता येणार नाही. शाळेत मराठी शिकवणारे अनेक शिक्षक विद्यापीठाच्या मराठी विभागांतूनच बाहेर पडतात. तेथे त्यांना आशयसूत्रे तयार टिपणांतून मिळाली असतील, तर ते वर्गात तीच वाटणार. तेव्हा पदव्युत्तर उत्तरपत्रिकेतील ती आठ पाने तपासताना, आपण तपासतो आहोत ते विद्यार्थ्याचे लेखन की आपल्याच अध्यापनाचा हिशेब, हा प्रश्न विभागांनी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे.