गच्चीवरचा गंज

पुण्यातल्या कुठल्याही दहा-बारा वर्षं जुन्या सोसायटीच्या गच्चीवर जाऊन बघा. काळ्या नळ्यांच्या रांगा, त्यातल्या चार-पाच फुटलेल्या, टाकीखाली पांढऱ्या क्षारांचं डबकं, पाइपाला गुंडाळलेला फोम उन्हाने भुगा झालेला. याला आपण प्रेमाने 'सोलर' म्हणतो. "आज सोलरचं पाणी येतंय का हो?" हा जिन्यातला प्रश्न, आणि उत्तर बहुतेक "नाही" असंच.

आमच्या सोसायटीत आता हेच सगळं काढून नवीन, पण तसंच बसवायचं घाटतंय. कोटेशनं आलीयेत, पुढच्या एजीएमला ठराव येणार. माझा त्याला ठाम विरोध आहे. आणि मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, उलट बाजूने आहे म्हणूनच!

जरा हिशोब करू (इंजिनीअरिंगच्या चार वर्षांचा काहीतरी उपयोग व्हायला हवा). १०० लिटरच्या सोलर हीटरला गच्चीवर साधारण २ चौरस मीटरचा कलेक्टर लागतो. चांगल्या उन्हात तो पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत नेतो, म्हणजे सुमारे ४ युनिट उष्णता. तेवढ्याच जागेत ४०० वॅटचं पॅनेल बसतं. पुण्यात ते दिवसाला सरासरी दीड युनिटाच्या आसपास वीज देतं. "बघा, दीडच!" असं सेक्रेटरीकाका म्हणतील. थांबा काका. ती वीज हीट पंपाला दिली की उष्णता मिळते साडेचार युनिट. जादू नाही, फ्रिजच आहे उलटा केलेला. फ्रिजची मागची बाजू गरम लागते ना? तीच उष्णता पाण्यात सोडायची. कंप्रेसर वीज खातो फक्त उष्णता ओढायला, बाकीची हवेतून फुकट येते.

म्हणजे जागा तेवढीच, उष्णताही तेवढीच किंवा थोडी जास्त. पण पॅनेलच्या विजेला सातव्या मजल्यावरून खाली येताना गार व्हायची भीती नसते. पहिल्या मजल्यावरचे लोक रोज गरम पाणी येईपर्यंत एक-दोन बादल्या गार पाणी सोडून देतात. आणि तेच आपण टँकरने विकत आणतो! शिवाय जुलैत पंधरा दिवस ऊन नसलं की कलेक्टर नुसता शोभेला. पॅनेलचं मात्र मेमध्ये जास्त बनलेली वीज नेट मीटरमधून पुढच्या बिलांत वळती होते.

आता "हीट पंप इथे चालेल का?" ही शंका. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, उणे दहामध्ये चालतात. आपल्याला डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांत शंका!

पण मी सगळ्यांना हीट पंप घ्या असं अजिबात म्हणत नाहीये. हा विकणाऱ्यांचा डाव असतो. एक साधं सूत्र: लिटर गुणिले वाढवायचे अंश भागिले ८६० म्हणजे युनिट. चौघांचं घर, माणशी एक २० लिटरची बादली, २० अंश वाढ, म्हणजे दिवसाला दोनेक युनिट. हीट पंपाने महिन्याला चाळीस युनिट वाचतील, त्यात यंत्राची किंमत वसूल व्हायला दहा वर्षं जातील. बादलीवाल्यांनी आहे तो गिझर वापरावा, फक्त तो तासभर आधी लावून पेपर वाचत बसू नये. शॉवरवाले मात्र माणशी ६० लिटर सहज उडवतात. तिथे दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर, आणि नुसत्या अंघोळीपायी बिल तीनशे युनिटांच्या वरच्या महागड्या स्लॅबमध्ये. त्यांच्या ड्राय बाल्कनीत हीट पंप हवाच. (आवाज होतो, एसीच्या बाहेरच्या युनिटइतका. बेडरूमच्या भिंतीला लावू नका.)

मग गच्चीचं काय? ती मोकळी करा आणि पॅनेलं लावून कॉमन मीटरला जोडा. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे हे सगळं त्यावर. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे. फायदा मेंटेनन्समध्ये, म्हणजे भाडेकरूपासून पेंटहाऊसवाल्यापर्यंत सगळ्यांना. क्षार काय, गिझरलाही खातातच. पण तो माझा गिझर, माझा खर्च. त्यासाठी सव्वीस फ्लॅटांची मीटिंग घ्यावी लागत नाही.

"पूर्वीपासून आहे तेच बरं" हे उत्तर मला येत्या एजीएममध्ये मिळणार, हे माहीत आहे. ज्यांना ते द्यायचंय त्यांनी आधी एकदा गच्चीवर जाऊन यावं. किल्ली वॉचमनकडे असते.