केंद्र इथंच राहू द्या



मराठवाड्यात पुरात उभी पिकं वाहून गेली. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या निर्णयावरून रान पेटलं आणि राज्य सरकारला तो मागे घ्यावा लागला. दोन्हींवर आतल्या पानांत सविस्तर लेख आहेत. मला मात्र वर्षभर एक अर्ज छळतो आहे. आमच्या गल्लीतलं, सुईनं नशा करणाऱ्यांसाठीचं केंद्र हलवा म्हणून रहिवाशांनी सह्या केलेला.

त्या केंद्रात काय चालतं, हे सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांनी आत जाऊन पाहिलं? वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात पडते, नवी मिळते. दंडावर चिघळलेलं गळू धुऊन पट्टी बांधली जाते. पलीकडे ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाची गोळी चुरून जिभेखाली ठेवायला देतात आणि विरघळेपर्यंत माणसाला समोर बसवतात, कारण खिशात गेलेली गोळी बाहेर विकली जाते. या औषधामुळे नशा न मिळाल्यानं होणारं अंग मोडून येणं, उलट्या, जुलाब थांबतात आणि गर्दची सुई न टोचता तो माणूस हमालीला जाऊ शकतो.

यानं व्यसनाला खतपाणी मिळतं, असं अर्जात म्हटलंय. मणिपूरकडे पाहा. १९८९-९० मध्ये तिथं एकच सुई अनेकांत फिरत होती आणि काही महिन्यांत सुईनं नशा करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना एचआयव्हीनं गाठलं. व्यसन सुटण्याची वाट पाहायला त्या पोरांकडे वेळच नव्हता. १९९६ मध्ये मणिपूरनं आपल्या एड्स धोरणात स्वच्छ सुयांचा मार्ग स्वीकारला. अमली पदार्थांसाठी फाशी देणाऱ्या इराणनंही तुरुंगांत मेथाडोन हे तसंच पर्यायी औषध सुरू केलं. या कामाला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आपल्याकडे २०१९ च्या केंद्र सरकारच्या पाहणीत सुईनं नशा करणारे सुमारे साडेआठ लाख निघाले. त्यांच्याबाबत आपले दोन कायदे दोन तोंडांनी बोलतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचं कलम २२ सांगतं, की स्वच्छ सुया आणि पर्यायी औषध देणं हा गुन्हा नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ प्रमाणे सेवन हा गुन्हाच. मग खिशात सिरिंज सापडेल या धास्तीनं पोरगा केंद्राकडे फिरकत नाही आणि पुलाखाली दुसऱ्याची सुई उचलतो. कलम २७ मधली शिक्षा काढून टाकली पाहिजे. ही मागणी वाचून काहींना राग येईल; येऊ द्या.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’. वाडे, चाळी, पागडीच्या खोल्या यांच्या आठवणी लेखकांनी जीव ओतून लिहिल्या आहेत, आणि त्या मलाही प्रिय आहेत. पण केंद्रात येणारी बहुतेक पोरं याच गल्ल्यांत वाढलेली आहेत. त्यांच्या आया अजून इथंच राहतात. पुढच्या महिन्यात रहिवाशांच्या सभेत केंद्र हलवण्याचा ठराव येणार आहे. मी त्याविरुद्ध बोलणार आहे आणि मतही विरोधातच देणार आहे.

— संपादक